माझ्या वहीतला अनंत

अनंत हा शब्द वर्गात शिकवायची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली, तेव्हा मी तो चुकीचा शिकवला. बी.एड. होऊन वर्षही झालं नव्हतं. साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी एका गावातल्या माध्यमिक शाळेत मी गणिताची शिक्षिका म्हणून लागले होते. नववीला संचांचं प्रकरण होतं. ज्यातले घटक मोजून संपतात तो सांत संच, ज्यातले संपत नाहीत तो अनंत संच, असं पुस्तकात होतं. मी ते वाचून दाखवलं आणि पुढे स्वतःच्या अकलेने जोडलं, अनंत म्हणजे खूप खूप मोठी संख्या.

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. त्या संख्येत एक मिळवला तर काय होईल, असं तिने विचारलं. मी म्हणाले, अनंतच राहील. मग एक मिळवूनही जी वाढत नाही ती संख्या कशी, हा तिचा पुढचा प्रश्न. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी तिला खाली बसायला सांगितलं आणि फळा पुसला. तास संपायला वीस मिनिटं होती, ती मी उदाहरणं लिहून देण्यात काढली.

तसा हा शब्द मला लहानपणापासून ओळखीचा. जळगावला आमच्या घरी तो कायम उपकारांच्या आधी यायचा. वडील पोस्टात होते. विहारात काही कार्यक्रम असला आणि ते बोलायला उभे राहिले की पहिल्याच वाक्यात अनंत उपकार असत. मला तेव्हा त्याचा अर्थ एवढाच कळायचा, की असं काही ज्यातून माणूस कधी उतराई होऊ शकत नाही. ते वाक्य म्हणताना वडिलांचा आवाज दर वेळी थोडा बसायचा, तो खोटा नसायचा.

धुळ्याला बी.एड. करताना वसतिगृहात माझ्या खोलीत जी मुलगी होती तिच्या घरी मात्र अनंत म्हणजे चौदा गाठींचा दोरा. ती फैजपूरकडची, केळीच्या बागा असलेल्या घरातली. भाद्रपदात घरून परत आली की तिच्या दंडावर तो दोरा असायचा. त्यांच्या विहिरीजवळ एक झाड होतं, त्याच्या पांढऱ्या फुलांनाही अनंत म्हणतात हे मला तिनेच सांगितलं. आम्ही दोघी गणिताच्या. एका रविवारी तिने ग्रंथालयातून जाडा शब्दकोश आणला आणि खाटेवर मांडी घालून हा शब्द काढला. विष्णू निघाला, शेषनाग निघाला, आकाशसुद्धा निघालं. ती हसून म्हणाली की एवढे अर्थ आहेत आणि आपल्या कामाचा एकही नाही. त्याच दिवशी आम्ही ठरवलं, गणितातले असे शब्द गोळा करायचे आणि खेड्यातल्या पोरांना ते त्यांच्या बोलीत कसे सांगता येतील ते लिहायचं. लांब वही मी आणली. पहिल्या पानावर अनंत लिहिलं, तिने त्याखाली रेघ मारली.

नोकऱ्या लागल्या तशी आमची ताटातूट झाली. तिचं लग्न धुळ्यातच झालं, तिथल्याच शाळेत ती लागली. मी वही घेऊन साक्रीकडे गेले.

वर्गातल्या त्या मुलीच्या प्रश्नाने माझे पुढचे कितीतरी महिने खाल्ले. शाळेजवळच्या वळणावर एका बाईंचं घर होतं, सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं. घरची थोडी कोरडवाहू शेती, बाकी वर्षभर रानातून जे मिळेल ते. साक्रीला जाणारी जीप त्यांच्या घरासमोर थांबायची, म्हणून मी त्यांच्या ओट्यावर बसायचे. थंडीचे दिवस होते. एका रविवारी सकाळी अक्का घोंगडीवर गेल्या हंगामातल्या चिंचेचा ढीग घेऊन बसल्या होत्या आणि दगडाने चिंच फोडून चिंचोके बाजूला टाकत होत्या. त्यांनी माझं तोंड का उतरलंय ते विचारलं. मी सांगितलं, एका शब्दाचा अर्थ पोरांना सांगता येत नाही. कोणता शब्द, म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, जे संपतच नाही, त्याला तुम्ही काय म्हणाल. खूप, असंच म्हणाल ना?

अक्कांनी दगड खाली ठेवला.

“खूप ते सरी जास, पोरी. हाई चिंच खूप शे, पन सांजलोंग सरी जाई.” मग एक चिंचोका उचलून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. “तू एक म्हन, मी म्हनसू आखो एक. तू आखो म्हनशी, मी परत आखो एक. आपन दोन्ही थकी जासूत. पन ते आखो एक सरत नही.”

आखो म्हणजे आणखी, सरी जास म्हणजे संपून जातं. मी ओट्यावर बसून होते आणि जीप येऊन निघून गेली. एवढी वर्षं मी अनंत हा एक आकडा समजून कुठेतरी लांब ठेवलेला शोधत होते. तो आकडा नव्हताच. ‘अजून एक’ म्हणायची सोय कधी बंद होत नाही, एवढीच ती गोष्ट होती. सोमवारी मी त्या मुलीला फळ्यापाशी बोलावलं आणि तिच्याशी हाच खेळ खेळले. ती साठाच्या आसपास थांबली आणि म्हणाली, कळलं मॅडम.

गावात मोबाईलला रेंज नव्हती. आठवडे बाजाराला साक्रीला गेले की मी मैत्रिणीला फोन करायचे. त्या आठवड्यात मी तिला हे सगळं सांगितलं, चिंच, घोंगडी, निघून गेलेली जीप. मग ती म्हणाली, “हे लिहून ठेव. जसं झालं तसं लिही.” मी लिहिलं. वहीत साडेतीन पानं झाली.

साक्रीकडे मी सहा वर्षं होते. त्या काळात वही भरत गेली. शून्याला, अपूर्णांकाला, समांतर रेषांना बायाबापड्या आणि पोरं काय म्हणतात ते मी विचारत हिंडायचे आणि तिला कळवायचे. ती माझ्यापेक्षा व्यवस्थित. कोणता शब्द कुठे बसेल, कोणता खोटा वाटतोय, हे तिला लगेच कळे. हे काम दोघींचं होतं, यात मला आजही शंका नाही. ओट्यांवर मी बसले, पण पुस्तक म्हणून त्याचा आकार तिच्या डोक्यात होता.

मग वडिलांना अर्धांगवायू झाला. मी जळगावला परतले आणि जामनेरच्या एका शाळेत लागले. रोज एसटीने जाणं-येणं, घरी वडिलांचं करणं, यात वही कपाटात गेली. मैत्रीण मात्र पुढे गेली. शिक्षकांना प्रशिक्षण देण्याच्या कामावर तिची निवड झाली. एकदा जळगावला घरी आली, वडिलांच्या उशाशी बसली, त्यांच्या हातावरून हात फिरवला. निघताना म्हणाली, वही दे, मी टाईप करून घेते, नाहीतर ती अशीच पडून राहील. मी दिली. झेरॉक्स काढावी असं मनातही आलं नाही. त्यानंतर काही महिन्यांनी फोनवर बोलता बोलता तिने विचारलं की त्या गावाला साक्रीहून गाडी कुठून मिळते. मी सगळं सांगितलं, अक्कांचं घर कोणत्या वळणावर आहे तेही. आपल्या पुस्तकात गावाचं वर्णन घालायचं असेल, असं मला वाटलं.

दोन वर्षांपूर्वी जळगावला गणित शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव पाहून मला आनंद झाला. मी मुद्दाम लवकर जाऊन तिसऱ्या रांगेत बसले. ती छान दिसत होती, बोलतही छान होती. बोलता बोलता तिने विचारलं, अनंत म्हणजे काय हो? सभागृहातून उत्तरं आली, खूप मोठी संख्या, मोजता न येणारी. ती हसली.

“मीही हेच शिकवायचे,” ती म्हणाली. “साक्रीकडच्या एका खेड्यात मला ते एका म्हातारीने शिकवलं.”

पहिल्यांदा मला वाटलं, ही पुढे माझं सांगेल. ती पुढे सांगत गेली. वर्गात एका मुलीने तिला प्रश्न विचारला. तिने फळा पुसला. ती ओट्यावर जीपची वाट बघत बसली. फक्त थंडीऐवजी उन्हाळ्याची दुपार होती आणि चिंचेच्या जागी मोहाची फुलं. ‘आखो एक’ म्हणताना तिने माझ्यासारखाच हात पुढे केला, जसा मी तिला साक्रीहून परत आल्यावर करून दाखवला होता. शेजारच्या बाई वहीत उतरवून घेत होत्या. मी तिथे बसलेली होते आणि माझं आयुष्य कोणीतरी दुसरंच सांगत होतं, माझ्या लाजेसकट. फळा पुसल्याची लाज तर मी तिच्याशिवाय कोणालाच सांगितलेली नव्हती.

तिची नजर रांगांवरून फिरत माझ्यापाशी आली. तिने पेला उचलला. पाण्याचा घोट घेतला आणि पुढचं वाक्य म्हणाली. शेवटी तिने, ज्यांनी ज्यांनी या वाटेवर साथ दिली त्यांचे अनंत उपकार आहेत, असं म्हटलं. टाळ्या झाल्या. माझेही हात एकमेकांवर आले, सवयीने.

चहाच्या वेळी ती माझ्याकडे स्वतः आली. सगळ्यांच्या देखत माझा हात धरला, वडिलांची चौकशी केली. वडील जाऊन सहा महिने झाले होते, ते तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी जे बोलायचं ठरवलं होतं ते त्या पाण्यापुढे बोलता आलं नाही.

पुढच्या जूनमध्ये जामनेरला नववीच्या वर्गावर तेच प्रकरण आलं. दर वर्षीप्रमाणे मी अक्कांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. ओट्यापर्यंत आले तोच एक मुलगी आपल्या शेजारणीकडे बघून हसली. मी कारण विचारलं. ती उभी राहिली. मुलगी चांगली होती, उद्धट नव्हती.

“मॅडम, हा व्हिडिओ आम्ही पाहिलाय. तुम्ही त्या मॅडमचंच सांगताय ना?”

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? घरी आल्यावर तिने सांगितलेला व्हिडिओ मोबाईलवर लावला. त्यात अक्का होत्या. खूप थकलेल्या, पण त्याच. शेजारी माझी मैत्रीण बसली होती आणि अक्का म्हणत होत्या, आखो एक.

त्या रविवारी मी साक्रीकडच्या त्या गावाला गेले. किती वर्षांनी, ते मोजायची लाज वाटत होती. गावात पक्का रस्ता झाला होता, शाळेला दुसरा मजला. अक्कांचं घर त्याच वळणावर होतं. त्या बाजेवर बसल्या होत्या. सुनेने मला पाणी दिलं. मी वाकून सांगितलं की मी गणिताची मॅडम, तुमच्या ओट्यावर बसायचे. अक्का माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

“तू कोन शेस, पोरी?” त्यांनी विचारलं.

मी चिंचेची आठवण दिली, जीपची दिली. त्या मान हलवत राहिल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. “मॅडम उनी व्हती ना. गाडीमा उनी व्हती, मोबाईल लिसन. तिले मी तीनदाव सांगं.” आणि त्यांनी सुनेकडे बघून माझ्या मैत्रिणीचं कौतुक सुरू केलं. किती गोड बोलायची, किती वेळ बसली. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मोबाईलवर उन्हाची तिरीप आली, म्हणून दुसऱ्यांदा सांगायला लावलं. दुसऱ्या वेळी कोंबडी मध्ये आली. सून म्हणाली, त्या मॅडम सांगत होत्या की मी इथेच शिकवायला होते, अक्का विसरल्या असतील. अक्कांनाही मग ते खरं वाटलं असावं.

मी वाद घातला नाही. ऐंशीच्या पुढच्या बाईला, तुम्हाला आठवतं ते खोटं आहे, असं कोणत्या तोंडाने सांगणार. शिवाय मीही त्यांना कधी सांगितलं नव्हतं, की तुमचे शब्द मी वहीत लिहिलेत, इतकी वर्षं पोरांना शिकवतेय. जळगावला गेल्यापासून एकदाही त्यांची विचारपूस केली नव्हती. निघताना अक्का म्हणाल्या की त्या मॅडमने फोटो देते म्हणून सांगितलं होतं, दिला नाही. मी मोबाईलवर त्यांचा एक फोटो काढला, साक्रीला एका दुकानात धुऊन घेतला आणि मला साक्रीला सोडणाऱ्या जीपवाल्याच्या हाती परत पाठवला. तो त्या मॅडमनेच पाठवला असं त्यांना वाटलं असेल.

साक्रीहून सरळ मी धुळ्याला मैत्रिणीच्या घरी गेले. दार तिनेच उघडलं. मला बघून तिने काही विचारलं नाही, आत गेली आणि माझी वही घेऊन आली. जणू ती तिथेच ठेवलेली होती, मी कधी येते याची वाट बघत. वहीत जागोजागी तिच्या हिरव्या शाईच्या खुणा होत्या. माझ्या साडेतीन पानांत जिथे जिथे चिंच होती तिथे रेघ मारून मोह लिहिलेलं होतं.

मोह कशाला, एवढंच मी विचारलं. ती म्हणाली, ऐकणाऱ्यांना मोह लवकर डोळ्यासमोर येतो, डोंगरातलं वाटतं.

“तू तिथे नव्हतीस,” मी म्हणाले.

“नंतर गेले की मी. तिच्याजवळ बसले.” ती खुर्चीत बसली. “खरं सांगू? पहिल्यांदा एका वर्गात ‘माझी मैत्रीण’ असं म्हणून सांगितलं होतं. लोक ऐकत नाहीत ग. मैत्रिणीचं कोण ऐकतं? दुसऱ्या वेळी ‘मी’ म्हटलं, आणि सभागृह गप्प झालं. मग ते तसंच राहिलं. आता सांगताना मला तो ओटा दिसतो.”

मी वही मिटली.

“तुला नाव हवं होतं तर सांगायचंस,” ती म्हणाली. “पुस्तक निघतंय. टाकू आपण तुझं नाव.”

“नाव नको होतं. तिथे मी बसले होते, एवढं म्हणायला हवं होतंस.”

यावर तिचा आवाज चढला. इतकी वर्षं वही कपाटात कोणी ठेवली, ती बाहेर कोणी काढली, त्या म्हातारीचा शब्द गावोगावच्या शाळांत कोणामुळे पोचला, असं ती विचारत गेली. त्यातलं खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं. धादांत खोटं बोलली असती तर भांडून मोकळी झाले असते. तिने माझ्यासमोर चहा ठेवला, त्यावर साय धरेपर्यंत आम्ही दोघी बसून राहिलो. मग मी वही पिशवीत घातली आणि बसस्टँडवर आले.

पुस्तक पुढच्या हिवाळ्यात निघालं. मुखपृष्ठावर एकच नाव आहे. आत ऋणनिर्देशात अकरा जण आहेत, त्यात मी आठवी. जामनेरच्या शाळेत त्याच्या चार प्रती आल्या आणि मुख्याध्यापकांनी त्या माझ्याच हवाली केल्या, गणिताच्या म्हणून. मी त्या शिक्के मारून कपाटात लावल्या. पुस्तक चांगलं झालंय. अपूर्णांकाचं प्रकरण तर आमच्या वहीपेक्षा कितीतरी चांगलं आहे, ते तिने एकटीने केलं असणार. अनंताचं मी वाचलेलं नाही.

ओळखीच्या एक-दोघांनी तक्रार करायला सुचवलं. कोणाकडे आणि कशाची, ते मला सांगता येईना. शब्द अक्कांचे, पुस्तक तिचं. माझी होती फक्त ती सकाळ, आणि सकाळ चोरीला गेल्याचा अर्ज कुठे करतात मला माहीत नाही. शिक्षकांच्या ग्रुपवर ती काही टाकते, लोक अंगठे देतात. मी ते बघते आणि पुढे जाते. कधी कधी वाटतं, वडील असते तर त्यांना काय सांगितलं असतं. त्यांना ती फार आवडायची. शेवटी जीभ जड झाली होती तेव्हाही त्यांनी दोनदा तिची चौकशी केली होती.

गेल्या मार्चमध्ये दहावीच्या पेपर तपासणीची बैठक धुळ्याच्या एका शाळेत होती. ती असेल हे मला ठाऊक होतं, तरी गेले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन व्हरांड्यात बसले. मी एका कडेला उत्तरपत्रिकांचे नमुने चाळत होते. ती आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. डबा उघडून मधे ठेवला. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी होती, वर ठेचा आणि तेल. वसतिगृहात ती घरून आली की हेच असायचं आणि मी अर्ध्याहून जास्त संपवायचे. तिने भाकरीचा एक चतकोर मोडून झाकणावर ठेवला आणि झाकण माझ्याकडे सरकवलं.

“खाऊन घे,” ती म्हणाली.

“माझं झालंय.”

माझा डबा तसाच पिशवीत होता, न उघडलेला. तिला ते दिसत होतं, पिशवी तिच्या पायाशीच होती. तिने झाकण परत ओढलं नाही. आम्ही दोघी समोरच्या मैदानाकडे बघत राहिलो, मग घंटा झाली आणि मी उठून माझ्या टेबलावर गेले.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. पारोळा सुटल्यावर फार भूक लागली, तेव्हा डबा काढला. उन्हाने भाजीला वास यायला लागला होता. पोळी तेवढी खाल्ली आणि जळगाव येईपर्यंत पाणी पीत राहिले.